सत्तेचाळीस नंबर

पहाट, उणे अकरा. कुलाश गाडीतून उतरते.
खांद्याला हिरवी बाटली, कानटोपीवर हेल्मेट.
एकेका डबीच्या तोंडाला रबरी वाटी लावून
तिला चिमूटभर विष हुंगवते.

पंचवीस, म्हणते डबी. दिवा लाल. भोंगा एकदाच खाकरतो.
वहीत खूण. पुढची डबी.

एकशे बारा नाकं आहेत या कारखान्याला
आणि एकालाही सर्दी झालेली चालत नाही,
असं ती नव्या पोरांना सांगते. पोरं हसतात.
मग सांगते, कुजक्या अंड्यांचा वास आला तर पळा.
आणि येता येता थांबला, तर श्वास धरून पळा.
वायू गेलेला नसतो रे,
नाक गेलेलं असतं.

तिच्या बापाला हे कुणी सांगितलं नव्हतं.
येसेनगेल्दी मेंढ्या राखायचा. परक्या लोकांनी
स्तेपमध्ये पहिल्यांदा भोक पाडलं त्या वर्षीची गोष्ट:
वारा पडलेला, दवण्यासारखं ते कडू झुडूप फुललेलं,
आणि घळीत उतरलेली चाळीस मेंढरं
बसली ती उठलीच नाहीत.
उंट तेवढा उभा होता त्यांच्यामध्ये,
मान वर, रवंथ करत,
पोटापर्यंत मरणात.

बाप काठावर होता. म्हणाला, आधी घाण आली,
मग काहीच नाही. वाटलं, टळलं.
तेव्हापासून त्याला करपलेली रोटी कळत नाही,
नासलेलं दूध कळत नाही.
चहाचा पेला आधी कुलाश हुंगते, मग त्याच्याकडे सरकवते.

सत्तेचाळीस नंबर सगळ्यात खाली,
सांडपाण्याच्या खड्ड्याशी, घोट्याच्या उंचीवर.
पडद्यावर शून्य. तिकडे कंट्रोल रूममध्येही शून्य, हिरवं,
सात आठवडे शहाण्या मुलासारखं.
ती गुडघे टेकते. वाटी लावते.
शून्य.
मनात वीस मोजते. अजून वीस.
शून्य.

निरोगी शून्य आणि मेलेलं शून्य,
चेहऱ्यावरून ओळखून दाखवा.

झाकण फिरवलं तर आत मातीचं घर,
नखाएवढं, गुळगुळीत लिंपलेलं.
उन्हाळा संपता संपता कुठल्याशा गांधीलमाशीने बांधलं,
आणि निघून गेली.

"नुरबोलात, सत्तेचाळीस बंद आहे."
"बंद कशी? शून्य दाखवतेय की."
"म्हणूनच."
वॉकीटॉकीवर थोडी खरखर. मग, "नवी पाठवतो."

ते घर तिने फेकलं नाही.
संध्याकाळी बापाच्या तळहातावर ठेवलं.
म्हाताऱ्याने जुन्या सवयीने नाकाशी नेलं,
डोळे मिटले, बराच वेळ.
"माती," म्हणाला.

आधी बघितलं होतं त्याने, की नव्हतं,
तिने विचारलं नाही.
उठून चहा टाकला.