धिरा

पूल दगडाचा आहे असं सगळे म्हणतात.
म्हणू देत.
एकोणीसशे सातच्या उन्हाळ्यात
त्या घळीत पहिला पूल उभा राहिला तो माझा:
सातशे चाळीस लार्चचे वासे,
बर्फात तोडलेले, उतारावरून घसरत आणलेले,
एकेकावर काजळीनं आकडा.
धिरा म्हणतात त्याला. दुसऱ्याचं ओझं
त्याचं त्याला पेलेपर्यंत पेलणारा.

जूनमध्ये वरचा बर्फ वितळला,
नदी राखाडी झाली, ओंडके घेऊन आली.
दोन रात्री आम्ही कमरेला दोर बांधून
खांबांपाशी बांबलं घेऊन उभे.
गिएरीची करंगळी तिथेच राहिली.
(माशानं नेली, असं तो पोरांना सांगतो.)

मग बेर्गामोकडचे पाथरवट आले.
बोर्तोलोची भाषा मला येत नव्हती, त्याला माझी.
तो दगडावर टिचकी मारून कान लावायचा,
मी लाकडावर.
दोन्ही तीरांवरून चढत गेले थर,
एका बाजूला चार दगड जास्त झाले
की माझा सांगाडा कुशीवर वळायचा, कण्हायचा.
मी हात वर करायचो. बोर्तोलो थांबायचा.
एवढंच बोलणं झालं अख्ख्या हंगामात.

सप्टेंबरात कळीचा दगड बसला.
बँड वाजला, पाद्री येऊन गेला,
मग सहा आठवडे कोणीच नाही.
चुन्याला घाई चालत नाही.

धुक्याच्या एका सकाळी साहेब म्हणाले, काढा.
खांबांखाली पेट्या, पेट्यांत वाळू,
चाळलेली, मेंगियाच्या चुलीवर भाजलेली.
मी बुचं काढली. ती सुटली पिठासारखी, बिनआवाजाची.
माझा पूल बसू लागला,
केसभर. कमानही त्याच्याबरोबर केसभर आली,
आणि थांबली.
माझा पूल पुढे निघाला, एकटाच.

मधे उजेडाची फट.
साहेबांनी तिच्यात आपलं कार्ड सरकवून पाहिलं.
बोर्तोलोनं टोपी काढली,
दगडाकडे नाही, माझ्याकडे बघून.
मी वाशावर तळवा ठेवला:
ताप उतरलेल्या पोराचं कपाळ.

लाकूड लिलावात गेलं, निम्मं सरपणाला.
कोनशिलेवर तीन नावं आहेत. मला वाचता येतं.

चार फळ्या मी घरी आणल्या,
तळघरात मेंगिया त्यांवर चीज मुरवते.
एकीवर आकडा अजून दिसतो, दोनशे एकोणीस.
अकराची गाडी पुलावरून जाते तेव्हा
चीजचे गोळे जरासे थरथरतात
आणि ती फळी, सवयीनं,
कण्हते.