अडतीस इंच

ओर्मुरने गाडी विकली तेव्हा
किल्लीबरोबर एक गोणपाट दिलं.
"नदी आली की पुढच्या जाळीवर बांध," म्हणाला.
बाकी बोलला नाही.
एकतीस वर्षं सुकी मासळी वाहिलेली लाल हायलक्स.
वास फुकट.

मला ती सप्टेंबरसाठी हवी होती,
उन्हाळाभर वरच्या पठारावर मोकाट चरलेली मेंढरं
खाली हाकायची असतात तेव्हा.
आणि त्यानंतरही.
दोन-चार मागे राहतातच दरवर्षी,
आणि बर्फ काही मोजणी संपायची वाट बघत नाही.

नवरा म्हणाला, चार आण्याची कोंबडी
आणि बारा आण्याचा मसाला.
त्याने मसाला कमीच धरला होता.

हाट्ला बंदरात बोटींना वेल्डिंग मारते.
तिने चासीवर हातोडीने ठोकत कान लावला,
माठ घेताना वाजवून बघतात तसा.
टण्, टण्, टण्,
आणि मग एके ठिकाणी नुसतं थप्प.
तिथे तिचं बोट आरपार गेलं.
"मिठाने खाल्लंय. आधी हे,
चाकांचं कौतुक नंतर."
त्या 'नंतर'मध्ये माझे आठ रविवार गेले.

टायर आले ते माझ्या कमरेला लागत होते.
जुन्या कमानीत मावेनात.
कापायच्या दिवशी ओर्मुर आला, आपणहून, खिशात हात घालून.
हाट्लाने खडूने रेघ ओढली, ग्राइंडर लावला,
आणि तो दाराबाहेर समुद्राकडे बघत राहिला,
जणू आत कुणी कपडे बदलत होतं.
"बघवत नसेल तर कॉफी ठेवा," हाट्ला म्हणाली.
त्याने ठेवली.
मग पत्र्याचे चारही लाल तुकडे
निवेपर्यंत थांबला,
काखेत मारले आणि गेला.
मी विचारलं नाही. आमच्या फ्योर्डात
असं विचारत नाहीत.

डिफरन्शियलचे गिअर यायला दोन महिने लागले.
तोवर काटा खोटं बोलत होता,
साठ दाखवायचा तेव्हा आम्ही अठ्ठ्याहत्तरने,
आणि चढ दिसला की इंजिनाला धाप.
गिअर बसले तसा काटा पुन्हा खरं बोलू लागला;
मला थोडं चुकल्यासारखंच झालं.
इंजिनाची हवेची नळी छतापर्यंत नेली.
दाराची कडी मात्र तशीच राहिली,
उचलून, ढकलून, शिवी देऊन लागणारी.

नोव्हेंबरात तीन कमी भरल्या.
हिमनदीतून सुटलेलं ते पाणी राखेच्या रंगाचं,
तळ दाखवत नाही.
मी उतरून गोणपाट बांधलं,
लो गिअर टाकला, आणि पाणी
बॉनेटपुढे फुगून वाट देत गेलं.
मधोमध एकदा मागचं चाक
कशात तरी गेलं, वाटलं, संपलं.
नाही संपलं. का ते ठाऊक नाही.

पलीकडे बर्फ मांडीभर.
हवा सोडली, अठ्ठावीसवरून चारवर,
एकेका चाकाचा सुस्कारा ऐकत, बोटं बधिर.
टायरांनी बसकण मारली, पोटं सुटली,
आणि गाडी बर्फावर चढली, रुतली नाही.
पायी गेले असते तर मी रुतले असते.

दोन मेंढ्या सापडल्या, कड्याच्या आडोशाला,
लोकरीवर बर्फाच्या गाठी.
तिसरी नाही.
परतताना दोघी मागे हौद्यात गप्प उभ्या,
मासळीचा वास हुंगत.

जूनमध्ये पोतं द्यायला ओर्मुरकडे गेले;
फाटलं होतं, मी नवं शिवलं होतं.
तो किनाऱ्यावर होता, एडर बदकांची पिसं वेचत.
घरट्यांवर ज्याने-त्याने केलेले आडोसे:
फळ्या, जुनी खोकी, दगड.
आणि गवतात रोवलेली
चार लाल कमानी.

एकीखाली बदकीण बसली होती.
तिने माझ्याकडे बघितलं, हलली नाही.
खडूची रेघ अजून होती पत्र्याच्या कडेला.
ओर्मुर म्हणाला, "हळू बोल."
आम्ही दोघं काहीच बोललो नव्हतो.