वरची पट्टी

अंमळनेर. मे महिना. पत्र्याखालचा पंखा
गरम हवा इकडची तिकडे करतो,
आणि मी, चौथीची बाई, वय एकोणपन्नास,
लॅपटॉपखाली ओलं फडकं घालून शोधते आहे :
एका चित्रावर दुसरं चित्र ठेवायला
नवशिक्याने काय घ्यावं?

काम एवढंसंच.
तळाला बोरीचं पात्र, फोनवर टिपलेलं,
कोरडं, वाळूच्या ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्यांसकट.
त्यावर नकाशा. नकाशावर निळी रेघ,
सावकाश चालत तापीला जाऊन मिळणारी.
शेजारी उभी मी, धडा सांगताना.
आणि उजव्या कोपऱ्यात खाली, गोल खिडकीत,
कोकिळामावशीचे हात.

भाविकाला ऐकू येत नाही.
मावशीने तिच्यासाठी घरातच भाषा केली :
मूठ तळव्यावर आपटली की भरीत,
कोपरापासून हात सैल सोडला की नदी,
दोन्ही हात सोडले की तापी.
पुस्तकात यातलं काही नाही.

आधी योगराजला विचारलं,
स्टँडसमोरच्या स्टुडिओतला,
नवरा-नवरीला कमळात बसवून
वर गुलाबाच्या पाकळ्या पाडणारा.
म्हणाला, ‘मॅडम, हाईच ल्या.
बाकी समदा पोऱ्यासना खेय शे.’
त्याचं ते ‘हाईच’ माझ्या चार जीबीत मावेना.
मशीन घरघरलं, पडदा गोठला,
‘नदी’ म्हणतानाचं माझं तोंड
अर्धा तास उघडंच राहिलं.

दुसरं फुकट होतं, गरीब होतं,
बटणं मोजून आठ. पण पट्टी एकच.
एकामागे एक उभे राहा म्हणे, रेशनच्या रांगेसारखे;
एकावर एक? नाही.

तिसऱ्यात पट्ट्या हव्या तेवढ्या.
वरची पट्टी पुढे दिसते, खालची मागे,
हे मला गोधडीवरून लगेच कळलं.
हात कापून गोलात बसवले, रेघ चालवली,
रात्री साडेअकराला फाईल तयार,
आणि कंपनीचा शिक्का
नेमका उजव्या कोपऱ्यात, खाली,
मावशीच्या बोटांवर.
बोलणाऱ्याच्या तोंडावर कुणी तळवा दाबावा, तसा.
काढायचा तर वर्षाला दोन हजार चारशे.
डावीकडे सरकवावं तर तिथे तापी.
वर शाळेचं नाव; ते झाकलं तर
हेडसर बोलणार.

सकाळी भाविका आली मावशीबरोबर.
पाहिलं तिने. एकदा. पुन्हा.
मग पडद्यावरच्या त्या गोलावर दोन बोटं ठेवून
फाकवली, फोनवर फाकवतात तशी.
लॅपटॉपला काय कळणार.
नुसती धुळीत दोन रेषा उमटल्या.
तिने माझ्याकडे बोट केलं,
आणि अंगठा-तर्जनीत धरून दाखवलं
दादरच्या दाण्याएवढं काहीतरी.

मी हसले. मग हसू थांबलं.

पट्ट्या अदलाबदल करायला
माउसचा एक ओढा पुरतो.
आता हात पडदाभर,
मनगटामागे फिकट वाळू,
बोटांच्या फटीतून निळी रेघ निघते.
आणि मी कोपऱ्यात, गोलात, उजवीकडे, खाली,
हनुवटीवर कंपनीचं नाव घेऊन.
असू दे. दोन हजार चारशे वाचले.

त्रेसष्ट टक्के झालंय. लाईट गेली.
बॅटरी अकरावर.
भाविका निळ्या रेघेवर बोट टेकवते,
मग खिडकीतून खऱ्या नदीकडे,
मग हात सैल सोडून काहीतरी विचारते.
मावशी तिला काय म्हणाली कोण जाणे.
दोघी पोट धरून हसल्या.
मी त्यांच्या हातांखाली पाहत राहिले,
अक्षरं येतील म्हणून.