कारण: इतर

त्यांच्याकडे संध्याकाळचे सात वाजले
की महापेत साडेनऊ होतात.
मी डबा बंद करते, हेडफोन चढवते
आणि चपला टेबलाखाली काढून
एस्टोनियाच्या गवतावर उतरते.

पाससाठी पी. थ्रो-इनसाठी टी.
फाउल, ऑफसाइड, कॉर्नर, सगळ्यांना बटणं.
नव्वद मिनिटांत सोळाशे वेळा बोट खाली येतं.
गोल झाला तर ओरडायचं नाही,
बिपिन सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
आधी दाबायचं.
नंतरही ओरडायचं नाही.

मार्चमध्ये मैदान पिवळं होतं,
मागे कोळशाने काढल्यासारखी झाडं,
स्टँडात एकशे बारा माणसं आणि एक कुत्रा.
(कुत्र्याला बटण नाही.)
आमच्या तळवलीच्या नाक्यावर तेव्हा ताडगोळे आले होते.

चौदा नंबर मला त्याच मॅचला दिसला.
डावा बॅक. वय चौतीस.
नाव वाचता येत नाही, दोन अक्षरांच्या डोक्यावर
दोन दोन ठिपके, उवांसारखे.
कॉर्नर आला की तो वाकतो,
गवताला बोटं टेकवतो, मग ओठांना.
मी मनात त्याला आत्माराम म्हणायला लागले.
आत्माराम माझा काका,
गावदेवी संघाचा डावा कोपरा,
चढाई यायच्या आधी माती, मग कपाळ.

जूनमध्ये तिथं अंधार पडायचं विसरतो.
इथं साडेअकरा, खिडकीत कंपन्यांचे दिवे,
नाल्याचा तो रंग लावल्यासारखा वास,
आणि स्क्रीनवर शिट्टी झाल्यावरही
रिकाम्या मैदानात ऊन एकटंच खेळत बसलेलं.
मी लॉगआउट करायला उगाच उशीर केला.

सप्टेंबरात त्याला देशाच्या संघात घेतलं.
निळा शर्ट, समोर मोठा देश.
पाच-शून्य.
पाचातले तीन त्याच्या बाजूने आले.
ते मीच नोंदवलं: चूक, चौदा. चूक, चौदा.
तिसऱ्यांदा बोट थोडं थांबलं,
सिस्टिमने ती दिरंगाई लाल रंगात दाखवली.
शेजारच्या फिलोमिनाकडे जिंकणारा संघ होता,
गोल नोंदवून ती दमली होती.
तरी निळे लोक गात होते.
ती पट्टी माझ्या ओळखीची.
गावचं मैदान प्लॉटात गेलं त्या वर्षी
काकाचा संघ परक्या मॅटवर खेळला,
एकवीस गुणांनी हरला,
आणि आमचा ताशा तासभर थांबला नाही.
काका टेम्पोत चढताना म्हणाला होता,
"हारलू त हारलू, पन कोपरा नाय सोरला."

ऑक्टोबर संपताना त्यांनी घड्याळं मागे नेली,
आम्हाला कोणी कळवलं नाही.
एका तासाने सगळं पुढे सरकलं
आणि आमची घणसोलीची बस हुकली.
फिलोमिना आणि मी चालत निघालो,
तिने विचारलं, तुझा चौदा पुढच्या वर्षी आहे का गं?
मला त्याचं काय ठाऊक.
मला त्याचे फक्त पास ठाऊक.

शेवटच्या मॅचला बर्फ.
रेषा दिसेनात, चेंडू नारिंगी केला.
एकाहत्तराव्या मिनिटाला चौदाची पाटी वर झाली.
तो वाकला. कॉर्नर नव्हता तरी वाकला.
बर्फाला बोटं टेकवली,
आणि जरा जास्तच वेळ तसाच राहिला,
जणू खाली पडलेलं काही शोधतोय.
समोरच्या संघाचा पोरगा येऊन त्याला उठवून गेला.

बदलीचं कारण: दुखापत, डावपेच, इतर.
मी 'इतर' दाबलं.
खाली शेऱ्याची चौकट उघडली,
जी कधीच कोणी भरत नाही.
मी टाइप केलं: माती कपाळ.
त्या सिस्टिममध्ये आपली अक्षरं नाहीत.
आठ चौकोन उमटले, रिकामे.
सोमवारी क्वालिटीवाल्यांनी खोडले असतील.

मार्चपर्यंत मला पोर्तुगालची दुसरी फळी दिलीय.
ऊन चांगलं असतं. डावा बॅकही चपळ आहे,
वीस वर्षांचा,
वाकत नाही.