नाणेबाजार

कोठावदे सरांनी फळ्यावर लिहिलं : नाणेबाजार.
मागच्या बाकावरून तारा गणोरे म्हणाली,
सर, सराफ बाजाराच्या अलीकडे का पलीकडे?
वर्ग हसला. सर खडू झटकत म्हणाले,
तिथे नाणं वाजत नाही आणि गाळाही नसतो.
एका बँकेला संध्याकाळी कमी पडतात,
दुसरीकडे उरलेले असतात. फोन होतो.
रात्रीपुरते द्यायचे, सकाळी व्याजासकट घ्यायचे.
वर्षाच्या आतलं सगळं यात धरा.

मी उतरवून घेतलं, पण डोळ्यांपुढे मावशी,
गंगेवर, बुधवारच्या बाजारात,
पहाटे पाचला चांगुणा शेवरेकडून नऊशे घेणारी
आणि दिवे लागायला हजार मोजणारी.
बँकांची रात्र, तिचा दिवस.
मेथीच्या जुड्यांखाली पोत्याचा कोपरा दुमडलेला,
तेवढंच खातं.
पलीकडे नाशिकरोडला नोटा छापतात,
त्या आधी कुठे जातात कोण जाणे.

दुतोंड्याच्या कमरेला पाणी चढलं त्या दिवशी
जुड्या वाहून गेल्या.
चांगुणा ओल्या पदराने दारात आली,
चहा घेतला, बशीही पुसून ठेवली,
आणि म्हणाली, पुढच्या बुधवारी अकराशे.
याला सर पुढच्या तासाला रोलओव्हर म्हणाले.

सहामाहीत व्याख्या आली, पाच गुणांना.
मी लिहिलं, दुसऱ्याच्या उद्यावर
आजचा भरवसा, भाड्याने.
अडीच मिळाले.
समासात लाल शाईत सरांचं अक्षर :
मुदत लिहायची राहिली.