साठ रुपयांचं पडणं

माझं काम कुणी पडू नये याचं.
प्रभादेवीच्या तीन टॉवरमधल्या अकरा लिफ्ट,
त्यांचे दोर, खड्ड्यातले बफर,
आणि गव्हर्नर, म्हणजे वेग हाताबाहेर गेला
की दोर आवळून धरणारं चाक.
दोरावरून कापूस फिरवायचा हळू.
कापूस अडकला की समजायचं,
इथं एक तार तुटलीय.
वीस वर्षांत माझ्या हातून एकही माणूस
ठरल्या मजल्याच्या खाली गेला नाही.

आणि माहीमच्या उरुसात, रेतीवर,
लोक पडण्यासाठी रांगेत उभे.
साठ रुपये. लहान मुलांना चाळीस.

दमयंती म्हणाली, बसायचं.
मी म्हटलं, आधी बघू दे.
मनोऱ्याभोवती एक फेरी मारली.
पायांखाली लाकडी ओंडके,
एकाखाली फरशीचा तुकडा सारून पातळी साधलेली.
नट पिवळ्या रंगाने रंगवलेले,
रंगावर पान्याचे ताजे ओरखडे.
म्हणजे कुणीतरी रोज आवळतं. जरा बरं वाटलं.
बटणावरचा पोरगा नशिराबादचा, मुदस्सर.
ब्रेक कशावर, विचारलं.
"हवेवर, चाचा. खाली आलं की हवा धरते."
मी कॉम्प्रेसरच्या पट्ट्याकडे वाकलो,
तेवढ्यात मागची बाई:
"ओ भाऊ, बसायचंय की विकत घ्यायचाय?"

बारा खुर्च्या. छातीवर दांडा आला.
दमयंतीने चपला खाली काढल्या,
एक या पायापाशी, दुसरी लांब त्या पायापाशी,
देवळाबाहेर ठेवते तशाच,
जोडी चोराला सापडू नये म्हणून.

मग वर.
हलवा-पराठ्याची कढई आधी चाकाएवढी,
मग बशीएवढी,
मग नुसता वास.
संदलचा बँड तळव्यांखाली गेला.
एकीकडे काळी खाडी, पुलाचे दिवे,
दुसरीकडे लांबवर माझे टॉवर.
तिथं तिला कधी नेलंच नव्हतं.
गेटवर काय सांगणार, ही कोण, कुणाकडे आलीय?
मी म्हटलं, तो बघ, मधला, लाल दिव्याचा,
बेचाळीस मजले.
ती तिकडे बघतच नव्हती.
मान खाली कोळीवाड्याकडे.
म्हणाली, "अहो, आपल्या पत्र्यावरची वीट सरकलीय."

आणि

सुटलं.

पोट वरच राहिलं.
ज्याचा हिशोब मी वीस वर्षं वहीत मांडला,
सेकंदाला इतके मीटर,
ते असं असतं होय.
कुणीतरी ओरडत होतं. मीच.
माणसं आईला हाक मारतात, देवाला मारतात.
मी ओरडलो, "गव्हर्नर!"
मागच्या बाईला वाटलं,
कुणी बडा माणूस आलाय उरुसाला.

हवेने धरलं. बोललेल्या शब्दाला जागली.
दांडे उघडले, माझे गुडघे
अजून अर्ध्या वाटेत होते.
दमयंती पायाने चपला चाचपत होती.
भीती नाही वाटली?
"कशाची? तुम्ही बघितलं होतंत ना सगळं."

सगळं नव्हतं बघितलं.
समुद्राच्या बाजूला पत्रा ठोकलेला,
त्यामागचे चार नट मला दिसलेच नव्हते.
ते मी तिला सांगितलं नाही.
तिच्यासाठी खाजा घेतला पाव किलो,
नको म्हणत असताना.

रात्री साडेअकराला शिडी लावली.
वीट खरंच सरकली होती,
निळ्या ताडपत्रीचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं.
ती जागेवर आणली, शेजारी दुसरी ठेवली.
उठताना पाहिलं, तर मनोरा समोरच,
पिवळा, झगमगत, फार काही उंच नाही.
खुर्च्या वर जाऊन थांबल्या होत्या.
बारा जोडी पाय लोंबत.

त्यातल्या कुणाची नजर इकडे असेल म्हणून
विटा जरा सरळ केल्या,
एका रेषेत.