उभ्याने काढलेला एक्सरे

आधी पाऊल उघडं करायचं. इथेच लाजतात सगळ्या.
पदर तोंडावर नाही, खाली पायावर ओढतात.

डॉक्टर म्हणाले, "बनियन आहे,"
तर वडगावच्या द्रौपदा पाखरे हसायलाच लागल्या:
"बनियन ह्यांचं असतंय. माझ्या पायाला कुठलं?"
तेव्हापासून मी फॉर्मवर लिहिते,
अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड.
एक प्रत मराठीत, एक कानडीत.
कानडीतली जास्त सुटसुटीत झाली, कबूल करते.

एकशे बारा बायका, नऊ पुरुष.
बारा-बारा तास मागापुढे उभ्या राहणाऱ्या,
शाळेत भात शिजवणाऱ्या,
हुक्केरी-संकेश्वर गाडीचा एक कंडक्टर.
बंद पाकिटात चिठ्ठी: शस्त्रक्रिया,
किंवा रुंद तोंडाची चप्पल आणि बोटांच्या मध्ये सिलिकॉनचा तुकडा.
पाकीट मी फोडते. निवड माझी नसते.
तरी बघतात माझ्याच तोंडाकडे.

माझं खरं काम कोनाचं.
उभं करून काढलेल्या एक्सरेवर दोन रेषा,
एक अंगठ्याच्या हाडातून, एक त्याच्या मागच्या लांब हाडातून.
पंधरा अंशांपर्यंत पाऊल सरळ म्हणायचं.
पंधरा दिवसांनी तोच एक्सरे, नाव झाकून, पुन्हा मोजायचा
आणि माझं माझ्याशी किती जुळतं ते लिहायचं.
पाखरेबाई: चौतीस. मग बत्तीस.
मधले दोन अंश कुठे गेले
हे सांगायला फॉर्मात जागा नाही.

दुखणं किती, दहापैकी?
"नोव ऐतेन्री?" कंडक्टरला विचारलं.
"तिकिटाएवढं," म्हणाला.
फुल की हाफ, ते मी विचारलं नाही, पाच लिहिलं.

चपलांसाठी अथणीला गेले.
सिद्राम होनकांबळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
"चपलेला अंगठा नको," मी म्हटलं.
हातातलं कातडं खाली ठेवलं त्यांनी.
"अंगठा न्हाई तर ती चप्पल धरणार कुणाला?"
मग मी सगळं सांगितलं, हाड, कोन, पाकिटं.
ते उठले, फळीवरून वह्या काढल्या.

पानापानावर पावलं. पेन्सिलीने ओढलेली,
कडेला गाव, साल.
"ही मांजरीची. अठ्ठ्याण्णव बघा. हे चार. हे तेरा."
तेच पाऊल, आणि अंगठा दर खेपेला थोडा अधिक
शेजारणीच्या कानाशी लागलेला.
तेरानंतर पान नव्हतं.
"वारली?"
"न्हाई. प्लॅस्टिकची घालतीया आता."

"पंचवीस वर्षं फॉलोअप ठेवलात तुम्ही," मी म्हटलं.
"फॉलोअप कुठलं. माप हाय ते."

सर म्हणाले, संमती नाही.
पेन्सिल तिरकी धरली की सरळ, नोंद नाही.
पाऊल बसून ठेवलं की उभ्याने, तेही माहीत नाही.
वापरता येणार नाही.
बरोबरच होतं. मी तसं लिहिलं, खाली सही केली.

वर्ष झालं. सतरा जण परत आलेच नाहीत.
तक्त्यात त्यांच्यापुढे आम्ही संपर्क तुटला लिहितो,
त्यातल्या तिघी रोज माझ्याच गल्लीवरून जातात.
पाखरेबाई एकोणीसवर आल्या.
"बरं हाय," म्हणाल्या, "पण सरळ झाल्यापासनं
माझं पाऊल मला वळखू येईना."

उरलेले जोड आणायला पुन्हा अथणी.
मी बसूनच पाय पुढे केला, सहज, गंमत म्हणून.
होनकांबळ्यांनी पेन्सिल मागे घेतली.
"उभ्या ऱ्हावा. बसल्यावर पाय खोटं बोलतंय."
उभी राहिले. वजन खाली उतरलं,
टाच पसरली, बोटं पसरली,
आणि अंगठा, जो मी कधी मोजला नव्हता.
पेन्सिल कडेकडेने गेली. गुदगुल्या झाल्या.
नाव विचारलं, कानडीत लिहिलं. गाव. साल.
कोन विचारला नाही.
म्हणाले, "आता डावा द्या."